जिभेवरची चिमूट

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५. कॅसलरॉक.
सकाळी दाट धुकं. दूध उशिरा आलं. काजूला मोहोर बरा आहे. दुपारी रक्षा आली, गणपती ट्रॅकमनची बायको. पोरीला रामनगरच्या दवाखान्यात दाखवून परस्पर माझ्याकडे. पोर दहा महिन्यांची, पण उचलून घेतली तर हाताला वजन लागत नाही. महिन्याहून जास्त जुलाब. डॉक्टरांनी विचारलं, अंगावरच्या दुधाशिवाय काय चारता? ही म्हणाली, गिरजा मावशीचं सत्त्व. ते म्हणाले, ते आधी बंद करा. रक्षा रडली आणि मग चिडली. म्हणते, मावशीचा हात बिघडला. सत्त्वाचा पुडा माझ्या टेबलावर आपटून गेली. आज पोस्टात जायचं राहिलं.

एवढं लिहून सुमंगलाबाईंनी पेनाला टोपण घातलं आणि तो पुडा समोर ओढला. गिरजाचं सत्त्व आणि पुड्यात, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती.

गिरजा ही कुणब्यांची बाई. तिची वाडी स्टेशनापासून आत, रानात, जिथं जीपचा रस्ता फॉरेस्टच्या फाटकाशी संपतो आणि पुढं पायी जावं लागतं. थोडी भातशेती, परसात कणगं आणि मुडली या कंदांचे गड्डे, डोंगरउतारावर नाचणी, आणि लखू नावाचा नवरा, जो दिवसातून चार वाक्यं बोलला तर फार झालं. उरलेलं सगळं गिरजा बोलते. साडीची गाठ खांद्यावर, गळ्यात पोवळ्यामण्यांच्या माळा, चाल अशी की तरण्या मुलींनी मागं राहावं.

पण कॅसलरॉकला गिरजा ओळखली जायची ती नाचणीच्या सत्त्वासाठी. नाचणी भिजवायची, रोज पाणी बदलायचं, रगड्यावर ओली वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका उन्हात वाळवायचा. करायला सगळ्यांना येतं. तरी लहान मूल सहा महिन्यांचं झालं की पहिली वाटी गिरजाच्या घरातून यायची. रेल्वेची माणसं बदलीची. आज केरळची, उद्या आंध्रची, परवा मिरजेकडची. त्यांची पोरंसुद्धा या सत्त्वावर वाढली. गिरजा पैसे घेत नसे. टोपलीत एक नारळ आणि ओंजळभर तांदूळ ठेवायचे, की झालं.

देण्याची मात्र एक रीत होती. डबा आईच्या हातात देण्याआधी गिरजा त्यातली चिमूट काढायची, आईच्या डोळ्यांसमोर आपल्या जिभेवर ठेवायची, गिळायची, आणि मगच डबा पुढं करायची. त्याचा अर्थ इथं कुणी कुणाला समजावून देत नाही. हे मी केलंय, यात काही वाईट असेल तर आधी माझ्या पोटात जाईल. तिची सासू असंच करायची, सासूची सासूही. आणि एकदा एका घरची चिमूट घेतली की वर्षभर दुसऱ्या हाताचं त्या मुलाला द्यायचं नाही.

सुमंगलाबाई लग्न होऊन इथं आल्या, मुलगा सहा महिन्यांचा झाला, तेव्हा गिरजाच्या सासूनं बोट चाटून डबा पुढं केला, आणि बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये चमचे उकळून घ्यायला शिकलेल्या या मुलीच्या अंगावर काटा आला होता. त्यांचे यजमान, स्टेशनमास्तर देसाई, पोट धरून हसले होते. "घे गं, तुझ्या सिस्टरांपेक्षा स्वच्छ बाई आहे," म्हणाले होते.

आता पुडा. हिरवागार, त्यावर झाडांची चित्रं, आणि मध्ये गिरजाचा फोटो. तीच गाठ, त्याच माळा. डोळे हसरे, आणि उजव्या हाताची चिमूट जिभेवर. वर तीन भाषांत मोठ्या अक्षरांत: गिरजाअज्जीचं वनसत्त्व. खाली: पिढ्यांचा विश्वास, रानातून थेट तुमच्या घरी.

सुमंगलाबाई त्या फोटोकडे बघतच राहिल्या. शहरातल्या माणसाला यात एक गोड म्हातारी काहीतरी चाखताना दिसली असती. इथल्या आईला दिसणार ती शपथ. रक्षानं दुकानात हे बघितलं, आणि मावशीनं आपल्यासमोर जिभेवर ठेवलं असंच तिनं धरलं. डिसेंबरात खळ्यावर पडून गिरजाचं मनगट मोडलं, घरचं सत्त्व थांबलं, आणि नेमका तेव्हाच हा पुडा दुकानात लागला. दुसरा हात लावायचा नाही. मग हा तर मावशीचाच हात.

मागची बाजू सगळी इंग्रजी. अक्षरं मोहरीपेक्षा बारीक. सुमंगलाबाईंनी भिंग काढलं, दिवा जवळ घेतला. जे जास्त ते आधी छापायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. पहिला शब्द साखर. दुसरा मैदा. तिसरा त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून पुण्याला सुनेला फोन लावला.

"माल्टोडेक्स्ट्रिन? ते मक्याबिक्याच्या स्टार्चपासून करतात, मम्मी," अश्विनी म्हणाली. "भरताड. वजनाला बरं पडतं."

"कुणाच्या वजनाला?"

"पुड्याच्या, मम्मी. अजून कुणाच्या?"

मग दूधभुकटी. मग नाचणी, शंभरात चार भाग. मग रंग आणि व्हॅनिलाचा कृत्रिम वास. आणि अगदी तळाशी, घडीत दबलेली ओळ: लहान बाळांसाठी नाही. चित्र केवळ सजावटीसाठी.

"शी!" त्या एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या.

त्यांना सगळ्यात जास्त किळस आली ती याची, की मागं एकही शब्द खोटा नव्हता. साखर आहे म्हटलंय, मैदा आहे म्हटलंय, बाळाला देऊ नका म्हटलंय. पुढची बाजू आईसाठी आणि मागची बाजू कोर्टासाठी, अशी सरळ वाटणी. कुणीतरी शिकलेल्या माणसानं थंड डोक्यानं बसून ती केली असणार. त्यांनी पुड्यातली भुकटी बोटावर घेऊन हुंगली. केकच्या दुकानासारखा वास. हात साबणानं धुतला तरी तो गेला नाही. जेवताना भाकरीच्या घासाबरोबर नाकात येत राहिला.

बुधवारी त्यांनी जीपवाल्या नागूकडून निरोप धाडला. दुपारी गिरजा आली. मनगट वाकडं बसलं होतं, हात छातीशी धरून चालत होती. पुडा बघितला आणि तोंडभर हसली.

"अगो बाय! माजंच त्वांड!"

"तुला माहीत नव्हतं?"

"फोटू काडल्याला ठावं हाय की. जोयड्याला गड्ड्यांचा मेळा भरतो न्हवं, त्यात. एक पोरगं आलं, गोरंगोमटं, अनिकेत म्हणून. म्हणालं, अज्जी, लेकरांला सत्त्व कसं देता, करून दाकवा. माज्याकडं डबी होती. दाकवलं. त्यानं शाल घातली. समद्यांनी टाळ्या वाजवल्या." ती पुडा उलटसुलट करून बघत होती. "आमचा म्हातारा म्हणाला, आता तू इलेक्शनला हुबी ऱ्हा."

"गिरजा, बस जरा. मागं काय लिहिलंय ते वाचते."

सुमंगलाबाईंनी एकेक शब्द मराठीत करून सांगितला. साखर म्हटल्यावर गिरजा हसतच होती. मैदा म्हटल्यावर थांबली. बाळांसाठी नाही, हे दोनदा वाचायला लावलं.

"मग ही चिमूट?" तिनं फोटोवर बोट ठेवलं.

"ती तुझ्या डबीतली. बाकी सगळं त्यांचं. रक्षानं हेच पोरीला चारलं, महिनाभर जुलाब आहेत तिला."

गिरजानं पुडा टेबलावर पालथा ठेवला. मग ओठांतल्या ओठांत नावं घेऊ लागली. वरच्या वाडीतल्या सुनेचं, फाटकाजवळच्या गार्डच्या बायकोचं, अणशीकडं दिलेल्या पुतणीचं. ज्या ज्या घरात या वर्षी पाळणा हलला त्या घरांची नावं होती ती.

"बाय," ती शेवटी म्हणाली, "ह्या समद्यांनी माजं त्वांड बगून घेतलं आसंल. रक्षीच्या पोरीला काय झालं तर?"

दोघी रेल्वेच्या क्वार्टरकडे गेल्या. रक्षा दारातच उभी राहिली, पोर कडेवर. आत या म्हणाली नाही.

"कशाला आलीस, मावशे? हात मोडला तर त्वांड इकाया काडलंस व्हय?"

"रक्षे, त्ये माजं न्हाई."

"न्हाई कसं? हितं बग, जिभंवर ठेवलंयस! म्हेशाच्या दुकानात ह्ये बगूनच मी घेतलं. सासू म्हणत हुती, पुड्यातलं नको. मीच म्हणाले, मावशीनं चाखलंय. आणि पोरीला बग!"

पोरीनं गिरजाकडं बघितलं. डोळे मोठे, आणि त्याखाली काहीच नाही, गाल कुठं सुरू होतात ते कळेना. गिरजानं चांगला हात पुढं केला तशी रक्षानं पाठ फिरवली.

"फोटू खोटा हाय असं म्हणू नगंस," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

"फोटू खरा हाय. त्यात माजं सत्त्व हुतं. ह्यात काय हाय त्ये मी कदी जिभंला लावल्यालं न्हाई."

"आज म्हणतीस. उद्या म्हेशाकडं त्या पुडेवाल्यांची गाडी येणार हाय माल घिऊन. त्यांच्या म्होरं बोल की."

परत येताना गिरजा रुळाच्या कडेनं चालली, सुमंगलाबाईंच्या पुढं, आणि एकदाही मागं वळून बघितलं नाही. रात्री ती वाडीवर गेली नाही. सुमंगलाबाईंच्या स्वयंपाकघरात घोंगडी टाकून निजली. जेवली मात्र नाही.

महेशचं दुकान स्टेशनच्या बाहेरच. धबधबा बघायला येणारे टुरिस्ट तिथं थांबतात, म्हणून पुढच्या फळीवर सगळा रानातला माल: रानातला मध, रानातला कोकम, आणि पाण्याच्या निळ्या बाटल्या, त्यावर खडकातून उडणारा झरा. दुकानात गाडीची वाट बघत थांबल्यावर सुमंगलाबाईंनी भिंग पर्समधून काढून तेही वाचलं. पाणी बोअरवेलचं, प्रक्रिया केलेलं, बाटली भरली ती इथून फार दूर, घाटाखालच्या कुठल्याशा औद्योगिक वसाहतीत.

"महेश, हा झरा कुठला रे?"

"मला काय ठावं, देसाई अक्का? त्या पलीकडं खरा झरा वाहतोय की, फुकट. पर त्येला लेबल न्हाई, मग कोण पितंय?"

"तू तरी पितोस का हे?"

"मी कशाला पिऊ? घरची हीर हाय."

दोन-तीन ट्रॅकमन, गार्डची बायको, चहावाला, असे लोक जमले होते. रक्षाही आली होती, जरा लांब, पोरीला पदराखाली झाकून. अनिकेत गाडीतून उतरला तो सरळ गिरजाच्या पायाशी वाकला.

"अज्जी! तुम्ही तर आमचा चेहरा! तुम्हाला माहितेय, मुंबईत लोक तुमच्या नावानं मागतात?"

"पोरा, ह्यात नाचणी किती हाय?"

"अज्जी, ते रेसिपीचं..."

"शंभरात चार," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आणि बाळाला देऊ नये असं तुम्हीच छापलंय."

"बघा ना मॅडम, छापलंय." त्याला उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. "आम्ही काहीच लपवत नाही. ग्राहकानं वाचायला हवं."

"इंग्रजीत?"

"जागा कमी पडते, मॅडम."

"पुढं तीन भाषांना पुरली."

चहावाला हसला. अनिकेतही हसला, शिकवल्यासारखा. "मॅडम, पुढची बाजू म्हणजे एक भावना असते. आजी, घर, जंगल. लोकांना नाचणी नको असते, आजी हवी असते. आणि आम्ही अज्जींचा सन्मानच केलाय."

सुमंगलाबाईंना वाटलं, या मुलाच्या तोंडावर एकही सुरकुती हलत नाही. त्याला आपण काही वाईट केलंय असं खरोखरच वाटत नाहीये.

"तुज्या पोराला घालतोस का ह्ये?" गिरजानं विचारलं.

"माझं अजून लग्न झालं नाही, अज्जी."

"मग तू खा. माज्यासारकं. जिभंवर ठेव, समद्यांम्होरं."

अनिकेतनं घड्याळाकडं बघितलं. "आज गुरुवार. उपवास आहे माझा."

"उपास?" महेश मागून ओरडला. "आरं, आत्ता गाडीत वडापाव खात बसलावतास की! चटणी हाय अजून मिशीला!"

सगळे हसले. अनिकेतनं मिशी पुसली. फक्त गिरजा हसली नाही. तिनं फळीवरचा एक पुडा उचलला, एका हातानं फाडता येईना, तशी तो रक्षापुढं धरला.

"फाड."

रक्षा हलली नाही.

"फाड म्हणते न्हवं मी, रक्षे. तूच फाड."

रक्षानं पोरीला गार्डच्या बायकोकडं दिलं आणि पुडा दातानं फाडला. तो वास सगळीकडं पसरला. गिरजानं मोडक्या उजव्या हाताची बोटं आत घातली. ती नीट मिटत नव्हती, अर्धी भुकटी लुगड्यावर सांडली. उरलेली चिमूट तिनं जिभेवर ठेवली. हुबेहूब फोटोसारखी, फक्त डोळे हसत नव्हते. सगळ्यांना माहीत होतं पुढं काय असतं. पुढं गिळायचं असतं.

गिरजा वळली आणि रस्त्यावर थुंकली.

कुणब्याची बाई अन्न थुंकत नाही. ताटातलं शीत सांडलं तर ती उचलून कपाळाला लावते. कुणीतरी "आई गं" म्हणालं. गिरजा पुन्हा थुंकली, मग पदरानं जीभ पुसली, एकदा, दोनदा, जोरात, जणू तिथं काही जिवंत चिकटलं होतं. दुकानातल्या बाटलीकडं महेशनं हात केला तशी मान हलवून ती फलाटावरच्या नळाशी गेली, चूळ भरली, आणि परत येऊन रक्षासमोर उभी राहिली.

"आता सांग. ह्ये माजं हाय?"

रक्षानं गार्डच्या बायकोकडून पोर घेतली आणि गिरजाच्या चांगल्या हातात दिली. पोर हलकी म्हणून गिरजा एकदम सावरली, चुकून उशी उचलल्यासारखी.

"मी टीमशी बोलतो," अनिकेत म्हणाला. त्यानं आणलेली खोकी न उतरवताच गाडी फिरवली. महेशनं फळीवरचे पुडे काढले खरे, पण सुमंगलाबाईंनी बघितलं, तो ते फेकायला नव्हे, आतल्या कपाटात ठेवायला काढत होता.

"टुरिस्टांला इकतो, अक्का. त्यांला काय हुतंय? आणि माज्या हातात माल पडलाय त्येचं काय?"

"टुरिस्टांना पोरं नसतात का?"

महेशनं कपाटाचं दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते पुडे कपाटातच होते. सुमंगलाबाईंनी तालुक्याच्या अन्न निरीक्षकाला तक्रार लिहून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली. पोचपावती आली. अजून माणूस आलेला नाही. अश्विनीनं फोनवर सांगितलं की पुण्याच्या मॉलमध्ये गिरजाचा फोटो आता मोठा करून लावलाय, माणसाएवढा.

"फाडून टाक," सुमंगलाबाई म्हणाल्या.

"मम्मी, तिथं कॅमेरे असतात."

गिरजा मात्र त्या गुरुवारपासून घरी बसली नाही. मोडका हात छातीशी धरून नागूच्या जीपमधून, जिथं जीप जात नाही तिथं पायी, ज्या ज्या घरची नावं तिनं घेतली होती त्या त्या घरी गेली. प्रत्येक आईसमोर पुडा फोडायला लावायचा, जिभेवर ठेवायचं, थुंकायचं. अणशीला पुतणीनं तिला थांबवलं, म्हणाली, काकी, तुज्या शब्दावर विश्वास हाय, थुंकू नगंस. गिरजा म्हणाली, शब्दावर ठेवू नगंस, त्वांड इकलं गेलंय माजं. आणि थुंकली.

डॉक्टरांनी रक्षाच्या पोरीला क्षारांचं पाणी आणि भाताची पातळ पेज सांगितली होती. आठवड्यानं जुलाब थांबले. सत्त्व हळूहळू सुरू करा म्हणाले, घरचं असेल तरच. मग प्रश्न आला हाताचा. गिरजाला रगडा फिरवता येत नव्हता, आणि दुसरा हात लावायचा नाही ही रीत. रक्षा सुमंगलाबाईंच्या पडवीत बसून राहिली.

"रगडा तू फिरव," गिरजा म्हणाली.

"मग माजाच हात झाला की, मावशे."

"झाला तर झाला. तू तिची आई हायस. चाखीन मी. आणि त्या आदी तू चाख. आता दोगींनी चाखायचं."

रक्षानं तिच्याकडं बघितलं. "आणि त्येबी थुकलीस तर?"

"तर तुला वाटता येत न्हाई असं समद्या गावात सांगीन," गिरजा म्हणाली. त्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

नाचणी सुमंगलाबाईंकडंच भिजली, कारण चांगला रगडा त्यांच्या परसात होता. तिसऱ्या दिवशी रक्षानं ती वाटली. गिरजा शेजारी उकिडवी बसून शिव्या देत होती: पाणी जास्त, जोर कमी, हात की शेपूट. पोर पडवीत चटईवर पालथी पडून मुठीनं जमीन बडवत होती. तिचा आवाज आता परसापर्यंत येत होता. नाचणीचं दूध गाळायची वेळ आली तेव्हा घरात धड फडकं सापडेना.

त्या संध्याकाळी सुमंगलाबाईंनी लिहिलं: गाळायला माझ्या पांढऱ्या मलमलच्या साडीचा पदर फाडला. उरलेल्या कापडाची तीन फडकी निघतील; कडा शिवायच्या आहेत.